शेवटचा कुकर कोणाचा?

ठाण्याहून भिवंडीकडे निघालात, की कशेळीची खाडी ओलांडल्यावर काल्हेर लागते. भिवंडी म्हटले की यंत्रमागांची खडखड आठवते. पण काल्हेरच्या रस्त्यावर नजरेत भरतात ती गोदामे. ती येथेच का? मुंबई जवळ, नाशिकचा महामार्ग जवळ, आणि २०१७ सालापर्यंत मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात पडे. तेव्हा माल वेशीबाहेर उतरवावा आणि लागेल तेवढाच आत न्यावा, हा व्यापाऱ्यांचा सरळ हिशेब. जकात गेली, गोदामे राहिली. आता त्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले आहे, ते म्हणजे इंटरनेटवरची दुकाने.

माझा व्यवसाय अशा दुकानांची संकेतस्थळे तयार करण्याचा. हे काम आता बरेच सोपे झाले आहे. पूर्वी नवी कंपनी काढणाऱ्याला स्वतःचे संगणक विकत घ्यावे लागत. २००६ साली ॲमेझॉनने आपले संगणक तासांच्या हिशेबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. पैसे घेण्यासाठी आपल्याकडे २०१६ पासून यूपीआय आहे. चित्रे, किमती आणि 'विकत घ्या'चे बटण असलेले पान तर तयार साधनांनी दुपारभरात उभे राहते. पुष्कळांना वाटते, झाले दुकान! मला तसे वाटत नाही. पडद्यावर दिसते ती दुकानाची पाटी. खरे दुकान म्हणजे गोदामातली फळी, आणि तिच्यावर किती नग आहेत हे सांगणारी संगणकातील नोंद. या दोहोंचा मेळ राखणे हे खरे अवघड काम.

असे समजा, की फळीवर एकच प्रेशर कुकर उरला आहे. नाशिकच्या एक बाई आणि पनवेलचे एक गृहस्थ एकाच क्षणी बटण दाबतात. संगणकाला तीन कामे करायची आहेत: शिल्लक वाचणे, एक वजा करणे, उत्तर लिहून ठेवणे. बाईंसाठी तो शिल्लक वाचतो, १. वजाबाकी व्हायच्या आतच गृहस्थांसाठीही वाचतो, १. दोन्हीकडे उत्तर ०, आणि दोन्ही वेळा ० लिहिले जाते. नोंद पाहाल तर हिशेब चोख! पण पावत्या फाटल्या दोन, आणि कुकर एकच. गंमत पाहा, वजाबाकी कोठेच चुकलेली नाही. चुकला आहे तो क्रम. शिवाय हा सारा खेळ सेकंदाच्या अगदी लहान अंशात होतो. त्यामुळे दुकान बांधणारा एकटा बसून तपासतो तेव्हा दोष दिसत नाही. तो दिसतो दिवाळीच्या गर्दीत.

यावर उपाय म्हणजे कुलूप. पहिल्या मागणीने नोंदीला हात लावला, की नोंद कुलूपबंद. तिन्ही कामे पुरी होईपर्यंत दुसरी मागणी दाराबाहेर उभी. आणि कामे होतील तर तिन्ही, नाही तर एकही नाही. अशा अखंड व्यवहाराला 'ट्रॅन्झॅक्शन' म्हणतात. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांचे यावरील काम मोलाचे. त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मात्र कुलूप बेताने घालावे लागते. कुकरच्या खरेदीसाठी सबंध गोदामाची वही अडवून धरली, तर वहीपेन्सिल घेणाराही रांगेत तिष्ठेल. म्हणून कुलूप फक्त कुकरच्या ओळीला!

नोंद बरोबर असूनही फळीवर भलताच डबा असेल तर? त्यासाठी डब्यावरच्या काळ्या रेघा, म्हणजे बारकोड. दुकानात तो पहिल्यांदा वाचला गेला २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यात, च्युइंगगमच्या पाकिटावर. वाचताना अंक चुकला तर यंत्राला कसे कळते, हे तुम्हीच शोधा. ८९० ने सुरू होणारे तेरा अंक असलेला बिस्किटाचा पुडा घ्या. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम जागांवरचे अंक तिप्पट करा, बाकीचे तसेच ठेवा, आणि सर्वांची बेरीज करा. बेरजेच्या शेवटी शून्य येईल. आता कोणताही एक अंक मुद्दाम बदलून पुन्हा बेरीज करा आणि काय होते ते पाहा.