पशुहक्क आणि गोठ्यातील व्यवहार

बंगळूरच्या कोरमंगलाला लागून असलेल्या आडुगोडी येथे राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या पशुसंवर्धन व दुग्धशास्त्राच्या इंपीरियल संस्थेचे हे स्थान. १९२७ मध्ये आजारातून सावरत असताना महात्मा गांधींनी येथे पशुपालनाचे धडे घेतले व अभ्यागत-पुस्तकात स्वतःचा व्यवसाय ‘शेतकरी’ असा नोंदविला. गोरक्षणासाठी केवळ श्रद्धा पुरत नाही. पैदास, चारा व हिशेब यांचे ज्ञान लागते, ही त्यांची धारणा होती.

पुढच्याच वर्षी साबरमती आश्रमातील एका वासराने या धारणेची कसोटी पाहिली. उपचारांपलीकडे गेलेले ते वासरू असह्य वेदनांत होते. गांधींच्या संमतीने डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्याचा अंत केला. देशभर टीका झाली. पीटर सिंगर (१९७५) वेदनेला नैतिक विचाराच्या केंद्रस्थानी ठेवतात, तर टॉम रीगन (१९८३) प्रत्येक प्राण्याच्या जीवनाला स्वतंत्र मूल्य देतात. हा वाद आपल्याकडे त्याआधीच, तोही गोठ्यात, उभा राहिला होता. असा निर्णय आजही पशुवैद्यकानेच, कायद्याच्या चौकटीत घ्यावयाचा असतो.

मात्र आपल्या पशुपालकांपुढील प्रश्न बहुधा याहून साधा आणि अधिक अवघड असतो: संकरित गाईच्या गोऱ्ह्याचे करायचे काय? महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळूंच्या कत्तलीसही बंदी आहे आणि शेतात ट्रॅक्टर आला आहे. गोऱ्हा मारला जात नाही, पण पुष्कळदा चिकाविना व अर्धपोटी ठेवला जातो. अशा मंद मृत्यूला अहिंसा म्हणता येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि जनावर वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे.

म्हणून जनावराला मदत रेतनापासूनच सुरू व्हावी. लिंगवर्गीकृत रेतमात्रेने जन्मणाऱ्या वासरांत सुमारे ९० टक्के कालवडी असतात. नको असलेला जीव जन्मालाच न घालणे, हा मोकाट सोडण्यापेक्षा निश्चितच दयाळू मार्ग होय. (तिची किंमत व गाभण राहण्याचे काहीसे कमी प्रमाण पशुपालकास आधीच सांगावे.) तरीही गोऱ्हा झाल्यास त्याला कालवडीइतकाच चीक पहिल्या काही तासांत मिळावा. शिंगकळ्या जाळताना भूल द्यावी. विस्तार कार्यकर्त्यांनी गोठाभेटीच्या नोंदीत दुधाच्या आकड्याशेजारी लंगडणारी, जखमी व भाकड जनावरेही लिहावीत आणि पुढील भेटीत प्रथम त्यांचीच चौकशी करावी.