दोन गावे, दोन करार : 'नारुतो' आणि 'वन पीस'

(एस. वाय. बी. कॉम.च्या एका विद्यार्थ्याकडून)

जपानी चित्रमालिकांवर महाविद्यालयाच्या वार्षिकात लेख लिहावा काय, अशी शंका काही वाचकांच्या, विशेषतः प्राध्यापकवर्गाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु 'नारुतो' श्रेष्ठ की 'वन पीस' या प्रश्नावर आमच्या लिंबायतमध्ये जेवढा वाद होतो, तेवढा क्रिकेटवरही क्वचितच होत असेल. वाद घालणारे दोन्ही पक्ष 'कोण कोणाला हरवील' एवढेच बोलतात. प्रस्तुत लेखात मी दुसरीच कसोटी लावणार आहे. ती आपल्या अभ्यासक्रमातलीच आहे, म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२.

प्रथम थोडी माहिती. दोन्ही कथा 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकातल्या. शोनेन म्हणजे किशोरवयीन मुलगा. एइचिरो ओदा यांची 'वन पीस' १९९७ साली सुरू झाली, मासाशी किशिमोतो यांची 'नारुतो' १९९९ साली. 'नारुतो'ची चित्रकथा २०१४ मध्ये संपली. तिच्यावरील चलत्चित्रमालिका २००२ पासून २०१७ पर्यंत दोन पर्वांत चालली आणि तिचे एकूण ७२० भाग झाले. 'वन पीस'ची मालिका १९९९ मध्ये सुरू झाली, २०२१ च्या नोव्हेंबरात तिने हजारावा भाग गाठला, आणि तिचा शेवट अजून व्हायचाच आहे. साप्ताहिकात दर आठवड्याला जेमतेम वीसेक पाने येतात. ती पडद्यावर चटकन संपतात, आणि मग निर्माते वरण वाढवण्यासाठी पाणी घालतात. 'नारुतो'च्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस सुमारे ऐंशी भाग असे भरताड आहेत. 'वन पीस'वाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे एकेक प्रसंग ताणून ताणून रबर होतो.

एवढा पसारा तराजूत घालणे अशक्य आहे. म्हणून दोहोंतील सुरुवातीची एकेक कथा घेऊ. 'नारुतो'तील लाटांच्या देशाची (भाग ६ ते १९) आणि 'वन पीस'मधील कोकोयाशी गावाची (भाग ३१ ते ४४). दोन्हींत एक गाव आहे आणि त्या गावाच्या पोटावर पाय देऊन बसलेला एक माणूस आहे. म्हणून तुलना न्याय्य होईल.

लाटांचा देश हे एक बेट. गातो नावाचा जहाजमालक तेथील सारी सागरी वाहतूक ताब्यात घेतो. मक्तेदारीचा धडा आपण पुस्तकात वाचतो, तो येथे बाजारातील रिकाम्या दुकानांत दिसतो. ताझुना हा म्हातारा बांधकाम कारागीर मुख्य भूमीपर्यंत पूल बांधायला घेतो. पूल झाला की गातोची मक्तेदारी मोडणार, म्हणून त्याच्या जिवावर उठलेले लोक आहेत. ताझुना नारुतोच्या गावाकडे संरक्षण मागतो, पण मारेकरी मागे लागले आहेत ही गोष्ट लपवतो आणि चोर-दरोडेखोरांपुरत्या, कमी दराच्या कामाचे पैसे भरतो. जास्त दर त्याला परवडणारच नसतो.

आता कलम १७ पाहा. माहीत असलेली वस्तुस्थिती हेतुपुरस्सर लपवणे म्हणजे कपट. कलम १९ म्हणते, अशा वेळी फसवला गेलेला पक्ष करार रद्द करू शकतो किंवा त्याची पूर्तता मागू शकतो. नारुतोच्या तुकडीला परतण्याचा पूर्ण हक्क होता. (ही मुले बारा-तेरा वर्षांची, म्हणजे अज्ञान. पण करार गावाशी होता, मुलांशी नव्हे.) तुकडी परतत नाही, आणि कथेचा मोठेपणा मला येथेच वाटतो. गरिबाने खोटे बोलून काम घेतले, हे कळल्यावरही ते काम पुरे केले जाते. उलट गातो झाबुझा या भाडोत्री योद्ध्याला मजुरी बुडवण्याच्या बेतानेच कामाला लावतो आणि काम होत आल्यावर त्यालाच मारायला गुंड घेऊन येतो. शेवटी झाबुझाच गातोला संपवतो, आणि गावकरी ताझुनाच्या लहानग्या नातवामागे हत्यारे घेऊन उभे राहतात. पुलाला नारुतोचे नाव मिळते. पुढे त्या पुलावर जकात कोण वसूल करणार, हे मात्र लेखकाने सांगितलेले नाही.

कोकोयाशीची गोष्ट अधिक कडू आहे. आरलाँग हा समुद्री चाचा गाव जिंकतो आणि दरमहा डोईपट्टी बसवतो. मोठ्या माणसामागे एक लाख बेरी, मुलामागे पन्नास हजार. बेलमेर या बाईजवळ एक लाखच असतात. आपल्याला मुली नाहीत असे म्हटले असते तर ती वाचली असती. ती दोन्ही मुलींचे पैसे भरते, स्वतःचे भरत नाही, आणि मारली जाते. त्या मुलींपैकी नामी हिला समुद्राचे नकाशे काढता येतात. आरलाँग तिला कामाला जुंपतो आणि सौदा ठरतो : दहा कोटी बेरी आण, गाव तुला विकतो. आठ वर्षे चोऱ्या करून ती नऊ कोटी तीस लाख जमवते. तेव्हा आरलाँग आपल्या मिंध्या नौदल अधिकाऱ्याकरवी चोरीचा माल म्हणून ते जप्त करवतो. वर म्हणतो, मी कुठे शब्द मोडला?

कायद्याने पाहिले तर नामीचे काहीच देणे लागत नाही. सौदा झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि अज्ञानाचा करार मुळातूनच रद्द ठरतो, हे मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष (१९०३) या निवाड्यापासून आपण पाठ करीत आलो आहोत. तो वैध धरला तरी कलम १५ ची जबरदस्ती आहे. तेही सोडा, कलम ५३ स्पष्ट सांगते की एका पक्षाने दुसऱ्याला करार पुरा करण्यापासून अडवले, तर अडवला गेलेला पक्ष करार मोडू शकतो आणि नुकसानभरपाईही मागू शकतो. परीक्षेत या प्रश्नाला पूर्ण गुण मिळतील. पण नामी दाद मागणार कोणाकडे? दाद घेणारा अधिकारीच विकला गेलेला.

येथे मला कथा जपानची वाटेनाशी होते. बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला धुळे-नंदुरबारकडून कोयता येतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी येते, ती मुकादमाची उचल घेऊनच. हंगाम संपताना उचल किती फिटली हे मुकादमाची वही सांगते. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली झाला. कायदा आहे आणि वहीही आहे. आमच्या लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली माणसे घरोघर आहेत, त्यांना उचल म्हणजे काय हे कलम वाचून शिकावे लागत नाही. ज्याच्या हाती हिशेब, त्याने कर्ज फिटू द्यायचे नाही असे ठरवले की ते फिटत नाही. ओदांना हे नेमके कळले आहे.

म्हणून माझा कौल 'वन पीस'ला. 'नारुतो'ची कथा बांधीव आहे, आटोपशीर आहे. पण तेथे अन्यायाची मुळे एका दुष्ट श्रीमंतात आहेत. तो मेला की सुटले. 'वन पीस'मध्ये अन्यायाला पावती आहे, शिक्का आहे, ठरलेला दर आहे.

'नारुतो'चे चाहते म्हणतील, आमचा नायक अनाथ, नापास, सर्वांनी वाळीत टाकलेला, कष्टाने वर आला. खरे आहे. पण पुढे तो चौथ्या गावप्रमुखाचाच मुलगा निघतो, तेव्हा कष्टाच्या त्या गोष्टीतली निम्मी हवा जाते. लुफी, म्हणजे 'वन पीस'चा नायक, हाही मोठ्या घरचा निघतो, म्हणून या मुद्द्यावर कोणालाच गुण देता येत नाहीत.

आणि एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. नामी चाच्यांना मिळाली म्हणून गाव तिचा आठ वर्षे तिरस्कार करते. वास्तविक गावकऱ्यांना तिचा सौदा पहिल्यापासून ठाऊक असतो. तिला कधी पळून जावेसे वाटले, तर आमच्या आशेचे ओझे तिच्या पायात अडकू नये, म्हणून ते तिरस्काराचे सोंग करतात. पैसे जप्त झाल्यावर नामी लुफीकडे मदत मागते. तो आरलाँगला तर हरवतोच, पण त्याआधी ज्या खोलीत तिला कोंडून नकाशे काढून घेतले, तिच्यातील टेबले-कपाटे खिडकीबाहेर फेकतो. एकेका नकाशासाठी तिने किती रात्री घालवल्या, हे आरलाँग कौतुकाने सांगत असतानाच.

कन्नड विभागातील मित्रांपैकी कोणी 'नारुतो'ची बाजू घेणार असेल, तर त्याने कलम १९ पासून सुरुवात करावी. तेथे त्याची बाजू भक्कम आहे.