गाडी दारात, मालक दमात : वारंवार बंद पडणाऱ्या लक्झरी एसयूव्हीकडून शिकलेला धंद्याचा धडा



परवाच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की माझी सगळ्यात महागडी चूक एकदा सविस्तर लिहीन. कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी आठवण करून दिली. तर आज पळवाट नाही, लिहितोच.

तीन वर्षांपूर्वी मी एक नावाजलेल्या ब्रँडची सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही घेतली. किंमत 31 लाख, त्यातलं कर्ज 24 लाख. कारण काय सांगितलं स्वतःला? "ट्रेनरनं गाडीतून उतरताना यशस्वी दिसलं पाहिजे." वडगावात पेढे वाटले. वडील फक्त एवढंच म्हणाले, "दिसायला घेतलीस का चालवायला?" मी हसलो. चार महिन्यांनी हसू गेलं.

कराडला एका वर्कशॉपसाठी निघालो होतो. किणी टोलनाक्याच्या अलीकडे गाडी एका बाजूला बसली. खरोखर बसली! मागं उसाच्या ट्रॅक्टरची रांग, हॉर्न, आणि मी सूट घालून रस्त्यात उभा. शेवटी माझाच एक विद्यार्थी आपल्या जुन्या मालवाहू व्हॅनमधून मला कराडला घेऊन गेला. दीड तास उशीर. त्या ग्राहकानं पुढची बॅच दिली नाही.

धडा पहिला : लक्षण आणि कारण वेगळं असतं

या गाड्यांना लोखंडी स्प्रिंगऐवजी एअर सस्पेन्शन असतं. रबराच्या फुग्यात हवा भरून गाडी उचललेली राहते. रबर जुनं झालं की बारीक चिरा पडतात, हवा गळते. मग हवा भरणारा कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि एक दिवस जळतो. माझ्या बाबतीत वर्कशॉपनं कॉम्प्रेसर बदलला, पण गळती शोधलीच नाही. नवा कॉम्प्रेसरही पाच महिन्यांत गेला. एकाच आजाराचं बिल दोनदा!

डिझेल फिल्टरचंही तसंच. धूर गाळणारा हा फिल्टर साठलेली काजळी स्वतः जाळून टाकतो, पण त्यासाठी इंजिन बराच वेळ तापून सलग चालावं लागतं. माझी गाडी रोज घर ते ऑफिस दोन-तीन किलोमीटर. काजळी साठायची, दिवा लागायचा. दोष गाडीचा कमी, माझ्या निवडीचा जास्त.

आता धंद्याकडे या. दर महिन्याला पगाराच्या वेळी पैसे कमी पडतात म्हणून ओडी वाढवता, तेव्हा तुम्ही कॉम्प्रेसर बदलताय. गळती उधारीत आहे.

धडा दुसरा : हिशेब किलोमीटरवर करा

अकरा महिन्यांचा माझा खर्च बघा.
- कर्जाचे हप्ते : 5,61,000
- दुरुस्ती : 3,40,000
- विमा : 85,000
- गाडी वर्कशॉपला असताना भाड्याची गाडी : 64,000

एकूण 10,50,000 रुपये. गाडी चालली 14,000 किलोमीटर. म्हणजे डिझेल सोडून किलोमीटरला 75 रुपये! हप्त्यातली मुद्दल खर्च नाही, असं सीए म्हणेल. बरोबर आहे. पण तिकडे गाडीची किंमतही घसरतच होती.

"कंपनीच्या नावावर घेतली की टॅक्स वाचतो," असं म्हणणारे भेटतील. घसारा मिळतो, हे खरं. पण अशा प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. आणि टॅक्स वाचवायला केलेला खर्चसुद्धा खर्चच असतो.

धडा तिसरा : कागद हाच साक्षीदार

गाडीत खरोखर दोष असेल तर गप्प बसू नका. दर वेळी जॉब कार्ड घ्या. "चेक केलं" असं मोघम लिहू देऊ नका, तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. गाडी कधी दिली, कधी मिळाली, किती किलोमीटरवर होती, सगळं नोंदवा. फोनवर बोललात तरी नंतर ईमेल टाका.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वडगावच्या माणसाला कोल्हापूर. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. मुदत 2 वर्षं. हेल्पलाइन 1915.

कंपनीच्या नावावर गाडी असली म्हणजे ग्राहक नाही, असं आपोआप होत नाही. डायरेक्टरच्या वापरासाठी घेतलेल्या मर्सिडीज गाड्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं जुलै 2024 मध्ये हेच स्पष्ट केलं. त्यातली एक तक्रारदार कंपनी आपल्या महाराष्ट्रातली, क्रॉम्प्टन ग्रीव्हज.

पण वेळेचाही हिशेब ठेवा. हैदराबादच्या जीव्हीआर इंडिया प्रोजेक्ट्स कंपनीनं 25 सप्टेंबर 2009 ला बीएमडब्ल्यू घेतली. चारच दिवसांत बिघाड. प्रकरण फौजदारी तक्रारीपर्यंत गेलं. 2012 मध्ये हायकोर्टानं नवी गाडी द्यायला सांगितलं, कंपनी तयार झाली, पण तक्रारदाराला व्याजासह पैसे हवे होते. शेवटी 10 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टानं 50 लाख रुपये देऊन प्रकरण मिटवलं. जवळजवळ पंधरा वर्षं! न्याय मागाच, पण मध्येच चांगला तोडगा समोर आला तर शांतपणे विचार करा.

धडा चौथा : "एवढा खर्च केलाच आहे..."

या एका वाक्यानं माझे दीड-दोन लाख जास्त गेले. गेलेला पैसा परत येत नाही. प्रश्न एकच विचारायचा : आज ही गाडी माझ्याकडे नसती, तर आजच्या किमतीला, या दोषांसकट मी ती घेतली असती का? माझं उत्तर "नाही" होतं. बिघाडाची सगळी बिलं दाखवून, काही न लपवता गाडी विकली. तोटा झाला. त्या रात्री मात्र वर्षभरानं शांत झोप लागली.

नंतर त्या व्हॅनवाल्या विद्यार्थ्याला विचारलं, "नवी गाडी का घेत नाहीस?" तो म्हणाला, "सर, ही रोज कमावतीय की." माझा दोन दिवसांचा कोर्स त्यानं एका वाक्यात संपवला.

आजचा गृहपाठ

वही काढा. गाडी असो, मशीन असो, दुकानाची दुसरी शाखा असो, तुम्हाला सारखा त्रास देणारी एक वस्तू निवडा. बारा महिन्यांचा खर्च, वाया गेलेले दिवस आणि तिच्यामुळे आलेलं उत्पन्न लिहा. मग वरचा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर कमेंटमध्ये लिहिलं नाही तरी चालेल, पण घरच्यांना नक्की सांगा. मी सांगायला अकरा महिने लावले. वडिलांना ते पहिल्याच दिवशी माहीत होतं.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत, गळती शोधा!