सिल्लेवानीचा घाट उतरणारा ट्रक

संत्र्याचा हंगाम आला की लोधीखेड्याच्या पोरांना ट्रकचं अप्रूप राहत नाही. तरी पुढच्या खेपेला छिंदवाड्याहून येताना सिल्लेवानीच्या घाटात पुढचा भरलेला ट्रक नीट बघा. ड्रायव्हर सारखा ब्रेक दाबत नाही. गिअर खालचा ठेवतो, एक्झॉस्ट ब्रेक लावतो, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरतं. नुसत्या पायाच्या ब्रेकवर उतरलं तर ड्रम आणि लायनर तापतात, जळका वास सुटतो, पकड ढिली होते. आणि ब्रेकची हवाच गळाली तर? त्याचीही सोय केलेली असते. पार्किंग ब्रेक दणकट स्प्रिंगच्या जोरावर लागतो, हवा त्या स्प्रिंगला फक्त दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि मागची चाकं आवळली जातात. हा विचार आधी कुणाच्या तरी टेबलावर झाला. ते टेबल तुमच्या मुलीचं किंवा मुलाचं असू शकतं.

ट्रकची रचना करण्याच्या या कामात वजनाचा हिशेब फार कडक. 2018 मध्ये तीन एक्सलच्या ट्रकची कमाल मर्यादा 25 टनांवरून 28.5 टन झाली. पण त्यात ट्रकचं स्वतःचं वजनही आलंच. चेसिसमधून वाचवलेला प्रत्येक किलो मालकाला माल म्हणून मिळतो. जास्त कापलं तर खड्ड्यांच्या रस्त्यावर चेसिसला तडा जातो. केबिनचा विचारही याच कामात येतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. उन्हाळ्यात बारा-बारा तास इंजिनाच्या धगीजवळ बसणाऱ्या माणसासाठी हे फार आधी व्हायला हवं होतं.

‘मेकॅनिकल घेऊन गॅरेजात जाईल का?’ असं पालक मला विचारतात. खरं सांगते, सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा बरेचदा कमी असतो, आणि धूळ, ऊन, चाचणीचे ट्रॅक सुटत नाहीत. पण काम भक्कम आहे आणि आपल्याच मध्य प्रदेशात आहे. पिथमपूरला व्होल्वो-आयशरचा ट्रक कारखाना आहे, तिथेच नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा चाचणी ट्रॅक. शेजारच्या महाराष्ट्रात, पुण्यात, वाहनांची चाचणी करणारी एआरएआय आणि टाटा मोटर्स. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरवाल्यांनाही दार उघडं आहे, कारण आज इंजिन आणि ब्रेक दोन्हींवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असतं. केबिनची रचना आवडत असेल तर बारावी कुठल्याही शाखेतून करून यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देता येते.

दहावीनंतर खिरसाडोहचं सरकारी पॉलिटेक्निक हा मार्ग कमी समजू नका. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

महाराष्ट्राच्या सीमेवरच्या आपल्या घरांचा प्रवेशाचा घोळ मात्र वेगळाच असतो. एनआयटीत निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांच्या, आणि तिथे राज्य ठरतं ते बारावी पहिल्यांदा कुठून पास झालात त्यावरून, घरच्या पत्त्यावरून नाही. सौंसरहून बारावी केली तर भोपाळच्या मॅनिटमध्ये तुम्ही घरचे; नागपूरहून केली तर व्हीएनआयटीत. राज्याच्या कॉलेजांचे रहिवासाचे नियम पुन्हा निराळे. म्हणून शिकवणीच्या जाहिराती बघून अकरावीला टीसी नागपूरला हलवण्याआधी दोन्ही राज्यांच्या प्रवेश पुस्तिका समोर ठेवून एक संध्याकाळ मुलासोबत बसा.