नट होऊं इच्छिणाऱ्यांसाठीं

स्नेहसंमेलनाचा पडदा पडला कीं दरवर्षीं कोणी ना कोणी विद्यार्थी आम्हांस विचारतो, "नट व्हावयाचें तर शाळा सोडावी काय?" पाठोपाठ त्याचे वडीलही चिंतातुर मुद्रेनें भेटावयास येतात. हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. त्यांत एका मुलाचें आयुष्य गुंतलेलें असतें. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करूं.

लहान वयांत रंगभूमीवर जाऊन मोठ्या पदास चढलेल्या नटांचीं उदाहरणें मुलें देतात, तीं खोटीं नाहींत. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ सालीं सतराच्या सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळींत आले, व मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेनें त्यांचा आरंभ झाला. केशवराव भोसले तर घरच्या गरिबीमुळें अगदीं बालपणींच स्वदेशहितचिंतक मंडळींत दाखल झाले, शारदेच्या भूमिकेंत गाजले, आणि १९०८ सालीं हुबळीस त्यांनीं 'ललितकलादर्श' मंडळी काढली तेव्हां त्यांनीं विशीही गांठली नव्हती.

परंतु त्या काळची नाटक मंडळी म्हणजे काय, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. ती नुसती खेळ करणारी टोळी नव्हती. तेंच मुलांचें बिऱ्हाड, तीच त्यांची खाणावळ आणि तीच पाठशाळा. गाण्याची मेहनत, नकला पाठ करणें, तालीम, असा दिवस जाई. गोविंद बल्लाळ देवलांसारखा नाटककार स्वतः समोर बसून एकेक वाक्य घोटवून घेई. (देवल हे पूर्वीं बेळगांवीं शिक्षक होते, हें आम्ही मास्तरमंडळी किंचित् अभिमानानें सांगतों.) ध्वनिक्षेपक नव्हता, शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकास शब्द ऐकूं गेला पाहिजे, हा पहिला धडा. आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला म्हणजे? वरील दोघांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. आवाज फुटल्यावर मागें पडलेल्या मुलांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. त्यांतील बहुतेकांची शाळा आधींच सुटलेली.

बोलपट आल्यावर त्या मंडळ्या एकामागून एक मोडल्या. आज व्यावसायिक रंगभूमीवर नटास प्रयोगागणिक पैसे मिळतात. त्यांस 'नाइट' म्हणतात. प्रयोग नाहीं त्या दिवशीं कांहीं नाहीं. निवारा, जेवण व गुरु हीं तिन्ही ज्याचीं त्यानेंच मिळवावयाचीं. उलट शिकण्याचीं आजचीं दारें शाळा-कॉलेजांतूनच उघडतात. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे, ती महाविद्यालयांचीच. दिल्लीस १९५९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या शिक्षणक्रमास पदवी व रंगमंचावरील पूर्वानुभव दोन्ही लागतात. शाळा सोडणारा मुलगा हीं दारें आपल्याच हातानें लावून घेतो.

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शस्त्रवैद्य होते. वैद्यकी करीत असतांच ते नाटकांत काम करीत राहिले, आणि १९६९ सालीं, चाळिशी उलटल्यावर, पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षीं त्यांनीं 'नटसम्राट' नाटकांतील अप्पासाहेब बेलवलकर उभे केले.

मग आज काय करावें? रोज पाव तास मोठ्यानें वाचावें. भिंतीपलीकडे बसलेल्या भावंडास प्रत्येक अक्षर कळलें कीं नाहीं, हें विचारावें. जोडाक्षरें गिळूं नयेत. लहान भूमिका मिळाली तर रुसूं नये, आणि मुळींच न मिळाली तर पडदा ओढावयास, सामान मांडावयास जावें. विंगेंतून रोज तेंच नाटक पाहणाऱ्यास जें दिसतें, तें तिकीट काढून बसणाऱ्यास दिसत नाहीं.

पालकांस एवढीच विनंति, कीं मुलास किंवा मुलीस दटावूं नये. "तूं कोणापाशीं शिकणार, आणि काम नसेल त्या महिन्यांत काय खाणार?" असें शांतपणें विचारावें व उत्तरासाठीं थांबावें. भूमिका देतों म्हणून उलट आपल्याकडेच पैसे मागणारा मनुष्य भेटल्यास मात्र त्याच्या दारांत मुलांस पुन्हां पाऊल टाकूं देऊं नये.