पात्यावर नाव टाकायचं, तर खर्च किती?

नांदेडला सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात कृपाणांची दुकानं आहेत. लातूरचं नाव अडकित्त्यांशी जोडलेलं आहे. दोन्ही जिल्ह्यांत लोहार, शिकलगार आणि घिसाडी कारागीर आजही ऐरणीवर विळे, कोयते, सुऱ्या घडवतात. त्यातली कितीतरी पाती निनावीच विकली जातात. गिऱ्हाईक धारेवर खूश होतं, पण पुढच्या वेळी तोच कारागीर शोधायचा कसा, हे त्याला कळत नाही. पात्यावर नाव असेल तर गिऱ्हाईक परत येतं, भाव टिकतो आणि वस्तूची जबाबदारी कोणाची तेही स्पष्ट राहतं.

हे नाव टाकण्याची स्वस्त आणि नेटकी पद्धत म्हणजे इलेक्ट्रो एचिंग. कारागिरांच्या भाषेत, करंटने छाप. यंत्र शोधायला निघालात की ५०० रुपयांच्या अडॅप्टरपासून २ लाखांच्या लेझरपर्यंत सगळं समोर येतं. त्यातलं आपल्याला काय लागतं, ते ठरवण्यासाठी हा हिशेब. खालचे भाव साधारण अंदाजाचे आहेत. खरेदीआधी दोन-तीन दुकानांत विचारा आणि जीएसटी धरून किती, ते आधीच स्पष्ट करून घ्या.

काम चालतं कसं?

पात्यावर स्टेन्सिल चिकटवायची. पातं वीजपुरवठ्याच्या धन टोकाला जोडायचं. ऋण टोकाला कार्बनचा किंवा स्टीलचा ठोकळा, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फेल्ट. हा ठोकळा स्टेन्सिलवर टेकवला की उघड्या अक्षरांपुरतं लोखंड विरघळतं. १ अँपिअर करंट १ मिनिट वाहिला तर हिशेबाने सुमारे १७ मिलिग्रॅम लोखंड निघतं. १ चौरस सेंटिमीटर छापाची खोली त्यामुळे ०.०२ मिलिमीटरच्या आसपास होते. प्रत्यक्षात थोडी कमीच भरते.

डीसी करंटने अक्षर कोरलं जातं, एसी करंटने ते काळं होतं. आधी डीसी, मग काही सेकंद एसी दिला की छाप खोल आणि ठळक दिसतो. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: यंत्रात दोन्ही आहेत का?

विजेचा खर्च नगण्य आहे. १२ व्होल्ट, ५ अँपिअरवर एका छापाला अर्धा मिनिट धरलं, तरी एका युनिटमध्ये सुमारे २,००० छाप बसतात.

आधी जुने पर्याय तपासा

भांड्याच्या दुकानात ताटावर नाव घालायला जो थरथरणारा पेन वापरतात, तो मऊ पत्र्यावर छान चालतो. पाणी दिलेल्या कडक पात्यावर मात्र त्याचं साधं टोक घसरतं आणि अक्षर वेडंवाकडं येतं. ठोकायचा पोलादी पंच टिकाऊ आहे, पण तो पाणी देण्याआधीच मारावा लागतो. कडक झालेल्या पात्यावर पंच ठोकला तर पातं तडकू शकतं. कोयत्यासारखी जाड, रोजच्या झिजेची वस्तू घडवत असाल तर पंचच उत्तम, आणि त्याला वीज लागत नाही. पॉलिश केलेली सुरी, अडकित्ता, कृपाण यांच्यासाठी एचिंग.

पर्याय १: घरी जुळवलेला संच

- १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस (सीसीटीव्ही किंवा एलईडी लाइटच्या दुकानात मिळतो): ४०० ते ७०० रुपये
- वायर आणि दातेरी क्लिपा: १०० ते १५०
- मोटार रिवाइंडिंगवाल्याकडचा कार्बन किंवा स्टीलचा बोल्ट, आणि फेल्ट: १०० ते २००
- स्विच आणि फ्यूज: ५० ते १००
- मल्टिमीटर: २५० ते ४००
- स्टेन्सिलची पहिली खेप: २०० ते ३००

एकूण १,१०० ते १,८५० रुपये. काळा छाप हवा असेल तर १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा साधा एसी ट्रान्सफॉर्मर ५०० ते ८०० रुपयांना. म्हणजे सगळं मिळून १,६०० ते २,६५०.

लाइट गेली तर मोटारसायकलची १२ व्होल्ट बॅटरीही चालते, पण वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. शॉर्ट झाल्यास बॅटरी प्रचंड करंट सोडते आणि वायर क्षणात तापते. मल्टिमीटर वगळू नका. टोकं उलटी लागली तर पात्यावर काही उमटत नाही, उलट ठोकळाच झिजतो.

पर्याय २: तयार मार्किंग यंत्र

देशी तयार यंत्र साधारण १०,००० ते २५,००० रुपयांत येतं. एसी-डीसीचा स्विच, व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय, हातात धरायचा ठोकळा आणि इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे मिठाच्या पाण्याऐवजी वापरायच्या तयार द्रावणाची, बाटली त्यात असते. घेताना हे विचारा:

- डीसी आणि एसी दोन्हींत किती व्होल्ट, किती अँपिअर?
- आपल्या लोगोची स्टेन्सिल कितीला, आणि किती दिवसांत?
- इलेक्ट्रोलाइट आणि फेल्ट सुटे मिळतात का?
- बिघाड झाला तर दुरुस्ती कुठे?

पैसे देण्याआधी आपलं स्वतःचं एक पातं विक्रेत्याला द्या किंवा पाठवा आणि छाप टाकून मागा. विक्रेत्याकडच्या मऊ पत्र्यावरच्या नमुन्यावरून निर्णय घेऊ नका. अमेरिकेतून मागवलेलं यंत्र बहुधा ११० ते १२० व्होल्टचं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मधे ट्रान्सफॉर्मर न लावता प्लग घातला तर ते जळेल.

पर्याय ३: लेझर, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा

२० वॉटचं फायबर लेझर यंत्र दीड ते तीन लाखांच्या घरात जातं. स्टेन्सिल लागत नाही आणि प्रत्येक पात्यावर वेगळं नाव टाकता येतं. पण महिन्याला शंभरच्या आत पाती करणाऱ्याने ते घेण्यात अर्थ नाही. तेवढ्या कामासाठी बाहेरून जॉबवर्क करून घ्या. नगाला २० ते ४० रुपये धरा. ट्रॉफी-गिफ्टच्या दुकानात गेलात तर ‘फायबर की सीओटू?’ एवढं विचाराच. सीओटू लेझर उघड्या पोलादावर विशेष लेप दिल्याशिवाय छाप टाकत नाही.

खरा खर्च स्टेन्सिलचा

यंत्राची किंमत डोळ्यात भरते, पण पैसा महिनोन्महिने जातो स्टेन्सिलवर. छापाचा सुबकपणाही तिच्यावरच ठरतो.

सर्वांत जवळची सोय म्हणजे गाड्यांचे नंबर कापणारा रेडियमवाला. त्याच्या प्लॉटरवर विनाइलमध्ये तुमचं नाव कापून मिळतं. एका शीटवर अनेक छाप बसवले तर एक साधारण ५ ते १० रुपयांना पडतो. पण ही स्टेन्सिल एकदाच वापरायची आणि बारीक कण सोलून काढायला वेळ जातो. दुसरी जाळीवर छापलेली कायमची स्टेन्सिल. तिला काही शे रुपये लागतात, पण नीट धुऊन ठेवली तर शेकडो छाप देते.

वर्षाला ६०० पाती धरा. विनाइल ८ रुपयांनी ४,८०० रुपये. ५०० रुपयांची जाळीची स्टेन्सिल ५०० छाप देत असेल, तर दोन स्टेन्सिलमध्ये १,००० रुपयांत वर्ष निघतं. आणि ही स्टेन्सिल घरच्या संचावरही तशीच चालते. म्हणून हातात १० हजार असतील तर आधी यंत्र घेऊ नका. घरचा संच जुळवा, उत्तम स्टेन्सिल करून घ्या आणि उरलेले पैसे पोलादात घाला.

देवनागरी नावासाठी अक्षराची उंची ४ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका. व, ब, घ यांच्या पोटातली जागा विनाइलमध्ये सुटून पडते आणि अनुस्वाराचा ठिपका नाहीसा होतो. जाड, सरळ वळणाचा टाइप निवडा. गुरुमुखीलाही हेच लागू.

नगाला किती पडतो?

वर्षाला ६०० पाती, पहिल्या वर्षाचा भांडवली खर्च:

- घरचा संच, २,४०० रुपये: नगाला ४ रुपये
- तयार यंत्र, १८,००० रुपये: नगाला ३० रुपये
- लेझर, २,००,००० रुपये: नगाला ३३३ रुपये
- जॉबवर्क, ३० रुपये दराने: वर्षाला १८,००० रुपये

म्हणजे बाहेर ३० रुपये मोजत असाल तर तयार यंत्र साधारण ६०० पात्यांत वसूल होतं. वर्षाला १०० पाती करणाऱ्याला त्यासाठी सहा वर्षं लागतील. यंत्र घेण्याआधी गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती पाती विकली गेली, ते वहीतून काढा.

छाप टाकताना

छाप पाणी देऊन, टेंपर करून, पॉलिश झाल्यावर आणि शेवटची धार लावण्याआधी टाका. पातं थिनरने पुसा. बोटाचा तेलकट डागही अक्षर खातो. एक कप पाण्यात एक छोटा चमचा मीठ पुरतं. लातूर-नांदेडच्या बोअरच्या जड पाण्याऐवजी आरओचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी वापरा. फेल्ट ओलं हवं, गळतं नको, नाहीतर पाणी स्टेन्सिलखाली शिरून अक्षराची कड फुटते. तीन ते पाच सेकंद टेकवा, उचला, पुन्हा टेकवा. काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा, तेल लावा. कमानपाट्याचं पातं मिठाच्या पाण्याने तासाभरातही गंजू शकतं.

यात काटकसर नको

घरातल्या प्लगमधून थेट किंवा बल्ब मधे लावून करंट घेऊ नका. तो जीव घेऊ शकतो. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, दारं-खिडक्या उघड्या. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन सुटू शकतो. स्टेनलेस स्टीलवर काम करताना जास्त जपा. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरू शकतं. त्यासाठी मिठाऐवजी तयार इलेक्ट्रोलाइट वापरा. वापरलेलं पाणी नालीत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका. चिठ्ठी लावलेल्या बाटलीत, मुलांपासून दूर साठवा आणि ते घातक कचरा म्हणूनच द्या.

पैसे आणि कागद

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहार, शस्त्र बनवणारे, कुलूप बनवणारे आणि अवजारं बनवणारे येतात. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखाचं कर्ज मिळतं. ते फेडल्यावर २ लाखांचं. नोंदणी सीएससी केंद्रात होते आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो.

नाव स्वतःचंच राहावं म्हणून ट्रेडमार्क नोंदवता येतो. सुऱ्या आणि हातअवजारं वर्ग ८ मध्ये येतात. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. गावाचं नाव किंवा धार्मिक चिन्ह यांवर एकट्याचा हक्क मागू नका. स्वतःचं नाव किंवा स्वतःची खूण ठेवा.

मोठी पाती करणाऱ्यांनी शस्त्र कायदाही ध्यानात ठेवावा. घरगुती आणि शेतीच्या वापराच्या पात्यांना त्या नियमांत वेगळं स्थान आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची इतर शस्त्रं विकायला ठेवण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्याची चौकशी करा.

क्रम असा ठेवा

आधी एक साधी, जाड खूण ठरवा. रेडियमवाल्याकडून दहा स्टेन्सिल कापून घ्या. घरचा संच जुळवा आणि भंगारातल्या कमानपाट्याच्या पॉलिश केलेल्या तुकड्यांवर सराव करा. छाप सलग दहा वेळा सारखा आला की जाळीची स्टेन्सिल मागवा. महिन्याला ५० च्या वर पाती खपायला लागली की तयार यंत्राचा विचार करा, त्याआधी नाही. २,००० रुपयांच्या संचाने टाकलेलं नाव हे १५,००० च्या यंत्राने टाकलेल्या नावाइतकंच टिकतं. फरक पडतो तो स्टेन्सिलने आणि हाताच्या सवयीने, आणि सवय तर तुमच्या हाताला आधीच आहे.