हेडलॅम्पच्या सेलाची पारख

आमच्या व्यवसायबंधूंपैकी जे विजेचे सामान, हार्डवेअर किंवा शेतीची अवजारे यांचा व्यापार करतात, त्यांच्या दुकानांत अलीकडच्या काळात एका नव्या जिनसेची भर पडली आहे. पट्ट्याने कपाळावर बांधावयाचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवणारा हा दिवा. खोक्यावर 'हेडलॅम्प' असे छापलेले असते. गिऱ्हाईक त्याला 'डोक्याची बॅटरी' म्हणते. बेळगाव, खानापूर, चंदगड या टापूत त्याला मागणी विशेष. शेतीपंपांची वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, आणि उसाला पाणी पाजावयास निघालेल्या माणसाच्या हातात फावडे असते. त्यात सरपटणाऱ्या जनावराचे भय असते ते निराळेच. अशा माणसास जोरदार उजेडाचा दिवा ही चैन नव्हे.

दिवा सहसा बिघडत नाही. दगा देतो तो त्याच्या पोटातील सेल. म्हणून पुढील विवेचन त्या सेलापुरतेच केले आहे.

प्रारंभी आमचीच एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका घाऊक व्यापाऱ्याकडून आम्ही पुनःपुन्हा भरता येणारे लिथियमचे शंभर सेल घेतले. वेष्टन झगझगीत, त्यावर ९,९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा, आणि भाव अस्सल मालाच्या पाचव्या हिश्शाचा. भाव पाहूनच आम्ही सावध व्हावयास हवे होते, झालो नाही. पंधरा दिवसांत खानापूरकडील एक जुने गिऱ्हाईक दिवा घेऊन परत आले. "शेठ, दिवा बेस हाय, पर सेलात दम न्हाई," एवढेच ते म्हणाले. रात्री दोनच्या सुमारास उसाच्या मधोमध दिवा विसाव्या मिनिटास विझला होता, आणि बांधापर्यंतची वाट त्यांनी पाचट चाचपीत काढली होती. त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही, हेच आम्हांस अधिक लागले. त्यांच्यासमोर आम्ही तो सेल काट्यावर ठेवला. वजन भरले ३१ ग्रॅम. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास करू लागलो.

या जातीच्या सेलांचे नाव म्हणजे त्यांचे मापच होय. '१८६५०' म्हणजे व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर. शेवटचे शून्य सेल नळकांड्याच्या आकाराचा असल्याचे दर्शविते. '२१७००' याचा व्यास २१ व लांबी ७० मिलिमीटर. जोरदार हेडलॅम्पमध्ये बहुधा या दोहोंपैकी एक असतो. १९९१ साली जपानमधील सोनी कंपनीने लिथियम-आयन सेल प्रथम बाजारात आणला, आणि २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना त्याच्या मूळ संशोधनाबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या शास्त्राची प्रगती मोठी असली तरी ती पायरीपायरीने झालेली आहे, हे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे. एवढ्याशा नळकांड्यात किती विद्युत् मावते याला मर्यादा आहे. चांगल्यात चांगला १८६५० सेल साधारणपणे ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबतो. २१७०० मध्ये ५,००० हा आकडा नेहमीचा. अगदी नव्या मालात तो ६,००० च्या घरात गेला आहे. १८६५० वर ९,९०० छापणे म्हणजे शेराच्या मापट्यात तीन शेर धान्य मावते असे सांगणे होय.

आता वजनाचा हिशेब पाहा. अस्सल १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमांचा आणि २१७०० सत्तर ग्रॅमांच्या सुमाराचा भरतो. क्षमतेच्या आकड्यास वजनाने भागले असता अस्सल मालात एका ग्रॅमास ६० ते ७५ मिलिअँपिअर-तास येतात. नव्यात नव्या सेलांत हे प्रमाण किंचित वर गेले आहे, दुप्पट झालेले नाही. आमच्या त्या ३१ ग्रॅमांच्या सेलास हेच गणित लावले, तर तो उत्तम प्रतीचा असता तरीही २,३०० च्या पुढे गेला नसता. प्रत्यक्षात मापकावर तो ११०० भरला. वेष्टनावरील आकड्यास ३१ ने भागले तर ग्रॅमामागे तीनशेहून अधिक येतात. हा भागाकार खरेदीच्या वेळी करावयास आम्हांस अर्धे मिनिट पुरले असते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमीअधिक मापाचा व्यवहार आणि बनावट मालाचा, म्हणजे 'प्रतिरूपक' मालाचा व्यवहार हे दोन वेगवेगळे मोजले आहेत. या एका सेलात ते दोन्ही एकत्र नांदताना पाहून आम्ही थक्क झालो.

तथापि काटा सर्वच लबाडी पकडतो असे नाही. वजन जुळावे म्हणून आत निरुपयोगी भर घातल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. त्याहून कठीण प्रकार जुन्या मालाचा. टाकून दिलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून आतील सेल काढावयाचे, त्यांवर नवे वेष्टन चढवावयाचे आणि नामांकित कंपनीचे नाव छापावयाचे, हा धंदा सर्रास चालतो. असा सेल एके काळी अस्सलच होता. वजनातही तो बरोबर उतरतो. अशा वेळी दोन्ही टोके बारकाईने पाहावीत. पट्टी जोडल्याचे ठिपके, घासल्याच्या खुणा किंवा वेष्टनाच्या कडेची सुरकुती दिसली की माल बाजूला ठेवावा. नवा सेल कारखान्यातून निघताना अर्धवट भरलेला असतो आणि व्होल्टमापकावर साधारण साडेतीन व्होल्ट दाखवितो. अडीच व्होल्टच्या खाली उतरलेला 'नवा' सेल आम्ही स्वीकारीतच नाही. आणखी एक परीक्षा वेळखाऊ आहे, पण ती फसवीत नाही. सेल ४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण भरून आठवडाभर कपाटात ठेवावा. चांगला सेल फारसा उतरत नाही, ४.१ च्या खाली गेला तर तो आतून झिजला आहे असे समजावे.

क्षमता मोजणारे चार्जर आता सहज मिळतात. ते सेल पूर्ण भरतात, ठरावीक प्रवाहाने रिकामा करतात आणि निघालेली बेरीज सांगतात. शंभर नगांतून पाच-सहा नग कोठूनही उचलून असे तपासले, तर सगळ्या मालाची लायकी कळते. तांदूळ घेताना पोत्यात बंबी खुपसून पाहण्याची जी रीत, तीच येथे लावावयाची.

एवढ्यावर अस्सल-नकलीचा निवाडा होतो. पण अस्सल असलेला प्रत्येक सेल जोरदार दिव्यास योग्य असतोच असे नाही. पुष्कळ दुकानदार येथे चुकतात. सेलाचे गुण दोन: साठा किती, आणि तो एका वेळी किती वेगाने देऊ शकतो. टाकी मोठी असून तोटी बारीक असावी, असा हा प्रकार. सॅमसंगचा '३५ई' हा सेल ३,५०० मिलिअँपिअर-तासांचा असून त्याची प्रवाहाची मर्यादा ८ अँपिअर आहे. त्याच कंपनीच्या '३०क्यू' चा साठा ३,००० चा, पण मर्यादा १५ अँपिअरची. दहा वॅटचा दिवा पूर्ण उजेडावर सुमारे ३ अँपिअर ओढतो. त्यास '३५ई' खुशाल द्यावा, म्हणजे तो अधिक वेळ चालेल. तीस-चाळीस वॅटचा दिवा एकाच सेलावर चालणार असेल तर तेथे '३०क्यू' च्या जातीचा सेल हवा. अन्यथा उजेड दबतो आणि सेल तापतो. झिजलेल्या सेलाचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, म्हणून तो मंद उजेडावर ठीक चालतो आणि पूर्ण उजेड लावताच मान टाकतो. गिऱ्हाईक म्हणते, दिवा खराब. खोक्यावरील लाख लुमेनच्या बढाया वाचून मनात काय येते ते येथे लिहिण्याजोगे नाही.

वेळेचा हिशेबही गिऱ्हाइकास सांगता आला पाहिजे. ३,५०० मिलिअँपिअर-तासांस ३.६ व्होल्टने गुणले की १२.६ वॅट-तास होतात. दहा वॅटचा दिवा त्यावर पूर्ण तेजाने तासभर चालेल. रात्रभर पाणी पाजणाऱ्याने उजेड मध्यम ठेवावा आणि एक भरलेला सेल खिशात बाळगावा; पण किल्ल्या आणि सुट्या नाण्यांबरोबर नव्हे. धातूने दोन्ही टोके जोडली गेली तर खिसा पेटावयास वेळ लागत नाही. चार आण्याची प्लॅस्टिकची डबी पुरे, असे आम्ही पूर्वीच्या सवयीने म्हणतो. हल्ली तिला दहा-वीस रुपये पडतात.

आता धोक्याविषयी. हलका सेल केवळ लवकर संपला तर नुकसान पैशाचे व सोयीचे होते. परंतु सदोष लिथियम सेल तापू लागला की आतील रासायनिक क्रिया स्वतःच स्वतःस पेटवीत जाते आणि ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. हेडलॅम्प पाणी शिरू नये म्हणून घट्ट बंद केलेला असतो, त्यामुळे वायूस वाट मिळत नाही. आणि हे सर्व घडते ते माणसाच्या मस्तकाला बांधलेल्या डबीत. म्हणून ज्याच्या बुडाशी संरक्षक विद्युत्-पट्टिका बसविलेली आहे असाच सेल सुटा विकावा. अशा सेलाची लांबी तीन ते पाच मिलिमीटरने अधिक असते. तो दिव्यात बसतो की नाही हे विकण्यापूर्वीच पाहावे. दोन सेलांच्या दिव्यात एक नवा व एक जुना घालू नये. जुना आधी संपतो आणि नवा त्याला उलटा ढकलतो.

मोठे कारखाने आपले उघडे सेल किरकोळ विक्रीसाठी देतच नाहीत. ते बॅटरीसंच बनविणाऱ्यांस दिले जातात. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने २०२१ च्या जानेवारीत सुटे १८६५० सेल वापरू नयेत असा जाहीर इशारा दिला तो यामुळेच. तेव्हा नामांकित कंपनीचे नाव असलेला उघडा सेल कोणी टोपलीतून विकीत असेल, तर तो तेथवर कसा आला हे विचारावे. दिवा बनविणाऱ्या कंपनीनेच त्या दिव्यासाठी दिलेला सेल घेणे सर्वांत सोपे. आपल्याकडे अशा सेलांस भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६०४६ हे मानक आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मालावर असावयास हवा. तो क्रमांक ब्यूरोच्या मोबाइल ॲपवर घालून खरा की खोटा ते दुकानात बसल्या बसल्या पाहता येते. क्रमांक छापणे कोणासही अवघड नाही, म्हणून तो पडताळल्याखेरीज माल उतरवून घेऊ नये. खरेदीचे बिल मागावे आणि विक्रीचेही द्यावे.

आमच्या त्या गठ्ठ्यातील ७२ सेल विकावयाचे राहिले होते. ते आम्ही टोकांना चिकटपट्टी लावून, वाळूच्या डब्यात ठेवून, ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पोचते केले. बॅटरी कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम पाहता ते उकिरड्यावर टाकता येत नाहीत, आणि टाकले असते तर वेचणाऱ्याने पुन्हा नवे वेष्टन चढविण्यासाठीच उचलले असते. विकल्या गेलेल्या २८ नगांसाठी दुकानाबाहेर पाटी लावली, बाजारच्या दिवशी तोंडी निरोपही धाडले, आणि जो सेल आला त्याच्या बदली अस्सल सेल विनामूल्य दिला. असे १९ परत आले. बाकीचे नऊ रोखीने, बिलाशिवाय गेले होते. ते कोणाच्या दिव्यात आहेत हे आमच्या वहीवरून कळत नाही. पाटी अद्याप काढलेली नाही.